तात्यांच्या दुनळीसाठी वीस काडतुसं

बोनकोड्यात आमच्या आळीत तेवीस वर्षं मला सगळे 'दारूच्या कंपनीतली सुनंदा' म्हणायचे. एका हळदीला मामेभावानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "ताई, पावने जास्त झालेत. तुज्या कंपनीतून दोन पेट्या मिलतील का?" मी म्हटलं, "मिलतील. पन ती पिऊन मानूस नाचत नाय, उडतो." तो दोन दिवस रुसला होता. आमची दारू काडतुसात भरायची असते, हे आळीतल्या निम्म्या लोकांना मी रिटायर झाले तरी पटलेलं नाही.

शिरवण्याच्या मागे, एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून आमचं वर्कशॉप होतं. सरकारी परवाना, दारावर दोन कुलपं, आत सहा माणसं. मालक करमरकर सर, लेथवर अन्वरभाई आणि भरणीला मी. रायफल क्लबचे नेमबाज हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. त्याखेरीज कधीतरी एखादं सरकारी खातं यायचं. त्यांच्याकडे जुनी बंदूक असायची आणि तिची काडतुसं जगात कुठेच बनत नसायची. मग आम्ही ती बनवायचो. कपडे शिवून घेतात तशी, मापं घेऊन.

ज्यांनी काडतूस फक्त पोलिसांच्या बातमीत वाचलंय त्यांच्यासाठी सांगते. त्यात चारच वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली नखाएवढी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की टोपीवर ठोका पडतो, ठिणगी उडते, दारू पेटते आणि तिच्या वाफेनं गोळी नळीबाहेर ढकलली जाते. संपलं. एवढ्यात कसब ते काय? कसब असं, की दहाव्या काडतुसानं पहिल्यासारखंच वागलं पाहिजे. दारूचे दोन दाणे इकडचे तिकडे झाले, गोळी केसभर खोल बसली, की लांबवरच्या कागदावर भोक भलतीकडे पडतं.

माझी खोली आठ बाय सहाची. पंखा नाही, कारण वाऱ्यानं तराजू हलतो. एसी लावायचा, खोली गार करायची आणि तोलायला बसताना बंद करायचा. सकाळी सात ते अकरा मी आत असायचे. काचेच्या पेटीत तराजू, हातात छोटी चमची. दाणे पाडायचे, श्वास धरायचा, आकडा स्थिर व्हायची वाट बघायची, श्वास सोडायचा. तासाभरानं माझं शरीर कुठे संपतं आणि खुर्ची कुठे सुरू होते ते कळेनासं व्हायचं. बाहेर लेथ घरघरत असायचा, पण तो फार लांब, खाडीपलीकडे असल्यासारखा वाटायचा. मला कुणी ध्यानाला बसायला शिकवलं नाही. पण लोक ज्यासाठी डोंगरावर जातात ते मला एमआयडीसीत पगारी मिळत होतं, असं मला अजूनही वाटतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक. खारघरचा एक कॉम्प्युटरवाला नेमबाज होता. त्याच्या डोक्यात बसलं होतं, की मंगळवारी भरलेली काडतुसंच त्याला लाभतात. मी आठवडाभर जशी जमतील तशी भरायचे आणि त्याच्या पेटीवर पेन्सिलीनं 'मंगळवार' लिहायचे. त्याचे मार्क सुधारत गेले. पदक मिळालं तेव्हा पेढे घेऊन आला आणि माझ्या पायाच पडला. मी काही बोलले नाही. या धंद्यातलं माझं ते एकच खोटं.

पण आज मला सांगायचंय ते वसंतराव परबांबद्दल.

परबांना सगळे तात्या म्हणायचे. मूळचे दक्षिण कोकणातले, वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त, बहात्तर वर्षांचे. खारघरला मुलीकडे चौदाव्या मजल्यावर राहायचे. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. एका सकाळी ते करमरकर सरांच्या टेबलासमोर बसलेले दिसले. मांडीवर लांब कातडी पेटी, सोबत वनखात्याचं पत्र.

सरांनी मला बोलावलं. तात्यांनी पेटी उघडली. आत दुनळी रायफल होती, दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेली. दस्त्याचं लाकूड इतकं जुनं, की खालून उजेड यावा तसं चमकत होतं. नळीच्या तोंडात माझं बोट सहज गेलं असतं.

"आजोबांची," तात्या म्हणाले. "परवाना माझ्या नावावर. शिकार बंद झाली त्यालाही जमाना लोटला. मी हिनं आयुष्यात एक जनावर मारलेलं नाही. नुसती तेल लावून ठेवली."

"मग आता काडतुसं कशाला?" मी विचारलं.

त्यांनी पत्र पुढे केलं. त्यांच्या गावाकडे एक टस्कर, म्हणजे मोठ्या सुळ्यांचा हत्ती, आला होता. कळपातून फुटलेला, एकटा. केळी, माड, भात काही ठेवत नव्हता. भाद्रपदात त्यानं एका माणसाला मारलं होतं. आता त्याला भुलीचं इंजेक्शन मारून पकडायचं आणि दूरच्या जंगलात सोडायचं ठरलं होतं. इंजेक्शनची बंदूक घेऊन डॉक्टर हत्तीच्या अगदी जवळ जाणार. भूल चढायला वेळ लागतो. त्या वेळात हत्ती उलटला, तर डॉक्टरच्या मागे कुणीतरी मोठी रायफल घेऊन उभं असायला हवं. ते रान आणि तो हत्ती दोन्ही ओळखणारा माणूस म्हणून खात्यानं तात्यांना विचारलं होतं.

"माझ्याकडे आजोबांच्या वेळची तीन काडतुसं होती," तात्या म्हणाले. "परवानगी काढून झाडून बघितली. दोन वाजलीच नाहीत. तिसरं वाजलं, पण चाप ओढल्यावर जरा थांबून." त्यांनी नळीवरून बोट फिरवलं. "बाय, हत्ती थांबत नाय."

मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या जनावराला नेमाची काय गरज?"

तात्या हसले. "हत्ती घराएवढो आसता. पण त्याका थांबवची जागा नारळाएवढी."

दुनळी म्हणजे काय भानगड असते ते मला तोवर नीट माहीत नव्हतं. सरांनी समजावलं. दोन नळ्या डाव्या-उजव्या असतात, नेम धरायची खूण मात्र मध्ये एकच. उजवी झाडली की धक्क्यानं रायफल उजवीकडे उसळते, डावी झाडली की डावीकडे. आणि हे गोळी नळीत असतानाच सुरू होतं. म्हणून जुने कारागीर नळ्या किंचित आत वळवून जोडायचे आणि एका ठरावीक वेगाच्या गोळीसाठी दोन्हींचा नेम एका जागी आणायचे. गोळी हळू निघाली तर दोन भोकं लांब लांब पडतात. फार वेगानं निघाली तर एकमेकींना ओलांडून जातात, उजवीचं भोक डावीकडे. बरोबर वेग एकच. तो कारागीर मरून शंभर वर्षं झालेली, त्यानं कुठे लिहून ठेवलेलं नाही. तो वेग आम्हाला शोधायचा होता.

आधी रायफलचं माप. सरांनी नळीच्या मागच्या तोंडात वितळलेला गंधक ओतला आणि थंड झाल्यावर हलकेच बाहेर काढला. आतल्या पोकळीचा पिवळा, गुळगुळीत साचा हातात आला. तो अन्वरभाईंनी उजेडात धरून पाच मिनिटं फिरवून बघितला. "ताई, जिसने ये बनाया ना, उसका हाथ अपुन को पाहिजे था," ते म्हणाले आणि पितळेची सळई लेथला लावली. त्यांनी तीस पुंगळ्या कातल्या. गोळ्याही पितळेच्याच, भरीव, अंगठ्याएवढ्या.

मग आमच्या सकाळी सुरू झाल्या. डोंगरात एक बंद पडलेली दगडखाण होती, तिथे चाचणीची परवानगी होती. पौषातली थंडी, सहाचा सुमार. खाणीच्या तळाला हिरवं पाणी साठलेलं आणि त्यावर धुकं असं बसलेलं, की तळ आहे की नाही कळू नये. तीन बाजूंनी उभा कातळ. तात्या, सर आणि मी, कानावर टोप्या. रायफल लाकडी घोडीवर बांधायची आणि लांबून दोरीनं चाप ओढायचा. पहिल्या चाचण्यांना माणसानं हात लावायचा नाही, हा नियम. मी सगळ्यात कमी दारूनं सुरुवात केली आणि दर वेळी चिमूटभर वाढवत गेले. दर वेळी पुंगळी बाहेर काढून भिंगाखाली बघायची. तिच्या बुडावर नळीतला दाब लिहिलेला असतो. कुठे फुगली, कुठे घासली, टोपी कितपत चपटी झाली. दाब जास्त झाला तर ती आधी सांगते. माणसानं ऐकायचं असतं.

बार झाला की आवाज कातळावर आपटून परत यायचा, मग पुन्हा, मग पाण्यावरून. धुकं एकदम आत ओढल्यासारखं व्हायचं आणि सावकाश पूर्ववत. नंतर इतकी शांतता, की धीवर पक्ष्याचे पंख ऐकू यायचे. दोन बारांमध्ये नळी गार व्हायला अर्धा तास लागायचा. तेवढ्यात तात्या थर्मासमधला चहा ओतायचे आणि गावाकडच्या गोष्टी सांगायचे. एकदा म्हणाले, टस्कर रोज संध्याकाळी एका पाणवठ्यावर येतो, सोंडेनं आधी पाण्यावरची पानं बाजूला सारतो आणि मगच पितो. "आमची आई असाच पानी पियायची," ते म्हणाले. "पान सारून."

मी तोवर खराखुरा हत्ती सर्कशीशिवाय पाहिला नव्हता. पण त्या दिवसांत तो माझ्या स्वप्नात यायला लागला. आमच्या बोनकोड्याच्या मिठागरातून चालत यायचा. तिथे आता सेक्टर झालेत, पण स्वप्नात मिठागर होतं तसंच, पांढरं, चौकोना-चौकोनांचं. माझा बाप तिथे मीठ ओढायचा. हत्ती घोटाभर पाण्यातून यायचा, बांध मोडू नये म्हणून पाय जपून टाकायचा आणि बापाजवळ थांबायचा. सकाळी उठून मी तराजूसमोर बसायचे आणि त्या हत्तीसाठी दारू तोलायचे.

पहिल्या दिवशी कागदावर दोन भोकं वीतभर लांब होती. मग चार बोटं. मग दोन. माघ सरता सरता एका सकाळी उजवी आणि डावी अशी शेजारी शेजारी बसली, की एका भोकाची कड दुसऱ्याला टेकली. तात्यांनी तो कागद घडी न घालता छातीशी धरला. नंतर त्यांनी स्वतः खांद्याला लावून दोन बार टाकले. ते हेलपाटले, सरांनी पाठीमागून सावरलं, पण भोकं तिथेच. सर म्हणाले, "झालं. वीस भरा."

आणि मी माती खाल्ली. म्हणजे वेळीच लक्षात आलं म्हणून वाचले, पण आधी लक्षात यायला हवं होतं. वीस भरून झाली. वनखात्याची तारीख शिमग्यानंतरची ठरली. त्याच्या आदल्या आठवड्यात मी एका दुपारी खिडकीतून रस्त्यावरचं डांबर पातळ होताना बघत होते आणि मनात आलं, आपण सगळे बार थंडीत पहाटे टाकलेत. दारू तापली की जोरात जळते. शाळेतल्या मुलाला कळेल एवढी साधी गोष्ट. मी चार काडतुसं पत्र्यावर उन्हात ठेवली आणि सरांना हात धरून खाणीत नेलं, भर दुपारी. भोकं एकमेकींना ओलांडून वीतभर लांब गेली होती.

सर म्हणाले, "ते पहाटे जाणार आहेत ना? मग?"

"आणि हत्ती दुपारपर्यंत सापडला नाही तर?"

"सुनंदाताई, आपण घड्याळ बनवत नाहीये. हत्ती केवढा असतो, बघितलाय?"

"रानातला नाही. पण तात्या केवढे आहेत ते बघितलंय," मी म्हटलं.

सर चिडले, पण फोन त्यांनीच केला. ऊन न मानणारी दुसऱ्या जातीची दारू मागवायची, तिचे कागद करायचे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. दहा दिवस मागितले. खात्यानं नाइलाजानं मोहीम पुढे ढकलली. त्या दहा दिवसांत टस्करानं सुपारीच्या बागेतली एक खोप मोडली. आत राखणदार होता. वाचला, पण त्याची मांडी मोडली, आणि तो माणूस पुन्हा सरळ चालला नाही. हे मला तात्यांनी फोनवर सांगितलं आणि लगेच म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नको." मी लावून घेतलं. अजून आहे. दहा दिवस मागितले नसते तर हत्ती आधीच पकडला गेला असता, कदाचित. आणि कदाचित काय काय झालं असतं. त्या नावाच्या गल्लीत शिरलं की बाहेर यायला वाट नाही.

नवीन वीस काडतुसं चैत्रात तयार झाली. थंडीत, उन्हात, दोन्हीकडे भोकं दोन बोटांच्या आत. पहिल्याइतकी देखणी जमली नाहीत, पण भरवशाची. मी खोक्यात कापूस घालून एकेक बसवलं. तात्या न्यायला आले तेव्हा मला म्हणाले, "ही सगळी परत आणून देईन बघ. तशीच."

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते आले. मुलगी सोबत होती, त्यांचा दंड धरून. खोका टेबलावर ठेवला. सगळी जागा भरलेली, फक्त एका टोकाला दोन रिकाम्या पुंगळ्या उभ्या.

"अठरा," तात्या म्हणाले. मग खुर्चीत बसले.

त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच क्रमानं सांगते. पाच दिवस टस्कर सापडला नाही. सहाव्या दिवशी अकरा वाजता सापडला, ऊन चढल्यावर. डॉक्टर एक बाई होत्या, मुग्धा नावाच्या, तिशीतल्या, धीट. त्यांनी तीस पावलांवरून इंजेक्शन मारलं, बरोबर मागच्या मांसल पुठ्ठ्यात. टस्कर बांबूच्या बेटात शिरला. सगळे थांबले. ठरलेली वेळ होऊन गेली. आतून काहीच आवाज नाही. पडला असेल, आणि छातीवर पडला असेल तर श्वास कोंडून मरेल, म्हणून डॉक्टरबाई आत जायला निघाल्या. तात्या त्यांच्या मागे. तो पडला नव्हता. नुसता उभा होता.

"डोळे अर्धे मिटलेले," तात्या म्हणाले. "झोपेत असल्यासारखो. आणि तसोच, झोपेतच, आमच्यावर आला. डॉक्टरबाईंचा पाय वेलीत अडकला. त्या पडल्या. मी पंधरा पावलांवर असेन. उजवी झाडली. मग डावी."

मुलीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसला," तात्या म्हणाले. "आधी पुढचे पाय दुमडले. बाईंच्या पायापासून एवढ्यावर." त्यांनी टेबलाची रुंदी दाखवली. मग आपला उजवा हात उचलला आणि तळवा माझ्याकडे केला. "दोन्ही भोकं याच्याखाली झाकली गेली, बाय. मी हात ठेवून बघितला. तुझं काम चोख होतं."

त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला लाज वाटते. मला आनंद झाला. इतकी जवळ! खांद्यावरून, त्या गडबडीत, भर उन्हात! तो आनंद पुरता माझ्या चेहऱ्यावर आला असणार, कारण तात्यांची मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग मी तात्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि मला स्वतःला कुठे ठेवू ते कळेना.

"गावातल्या बायका रडल्या," तात्या म्हणाले. "ज्यांच्या केळी त्यानं खाल्ल्या त्याच. हळदकुंकू आणलं, फुलं आणली. मी गावात तोंड दाखवलं नाही."

चौकशी झाली. होणारच. आम्हालाही पत्र आलं, त्यात तीन प्रश्न. काडतुसं कोणी भरली, त्यांची चाचणी झाली होती का, आणि पहिल्या गोळीनं काम झालं असतं का. पहिल्या दोन्हींची उत्तरं मी वहीतून लिहिली. तिसऱ्यावर दोन दिवस बसले. शेवटी लिहिलं, 'गोळीचा वेग किती होता एवढंच मी सांगू शकते. त्या क्षणी माणसाला काय दिसलं ते मला तोलता येत नाही.' करमरकर सरांनी दुसरं वाक्य खोडलं. बरोबरच होतं त्यांचं, सरकारी कागद होता. तात्यांवर काही ठपका आला नाही. त्यांनी रायफल आणि परवाना दोन्ही पोलिसांकडे जमा केले. मी भेटायला गेले की चौदाव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसलेले असतात, समोर डोंगर. दुसरी गोळी का झाडली, हे ते मला प्रत्येक भेटीत विचारतात. मला माहीत नाही, असं मी प्रत्येक भेटीत सांगते.

या सगळ्याला महिना-दीड महिना झाला असेल. एका रविवारी अकराच्या सुमाराला आमच्या बोनकोड्याच्या घरी कुणीतरी बेल वाजवली. दारात एक उंच मुलगी, पाठीवर सॅक, डोळ्यांखाली काळं.

"सुनंदाताई का? मी मुग्धा. परबकाकांनी पत्ता दिला."

मी तिला आत घेतलं. आई ओट्याशी म्हावरा साफ करत होती. तिला मी सांगितलं, हीच ती डॉक्टर. आई हात धुऊन आली, तिच्याकडे नीट बघितलं आणि पाणी आणून दिलं.

मुग्धा सोफ्याच्या अगदी काठावर बसली. बराच वेळ ग्लास हातात धरून होती. मग म्हणाली, "मी वाचले ते तुमच्यामुळे. ते सांगायला आले होते. पण येताना वाटेत सारखं वाटत होतं, तो मेला तेही तुमच्यामुळेच. आणि माझ्यामुळे. मी आत गेले नसते तर..."

"तू गेलीस ते त्याला वाचवायला," मी म्हटलं.

"ते मला सगळे सांगतात." तिनं ग्लास मांडीवर टेकवला. "मी झोपत नाही, ताई. डोळे मिटले की तो येतो. रागावलेला नसतो. तसाच येतो, अर्धवट झोपेत. मी त्याला भूल दिली होती ना. त्याला कळलंसुद्धा नसेल आपण कुठे चाललोय."

आई ओट्याशी उभी राहून ऐकत होती. मुग्धानंच विचारलं, "तुम्हाला खात्री होती, ते काडतूस उडणार म्हणून?"

"होती."

"कशी?"

आता याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं. मी तिला माझं काम सांगायला लागले. सकाळी सातला खोलीत जायचं, दार लावायचं, एसी बंद करायचा आणि गारवा स्थिर होईपर्यंत नुसतं बसायचं. मग पुंगळ्या ओळीनं मांडायच्या. एकेक उचलायची, उजेडाकडे धरायची, आत बघायचं. पुसायची. टोपी बसवायची, बोट फिरवून बघायचं. मग तराजू. चमचीतून दाणे सोडायचे, आधी भरभर, मग सावकाश, मग एकेक. श्वास धरायचा. आकडा हलतो, थोडा मागे जातो, थांबतो. श्वास सोडायचा. मग दुसरी. उचलायची, उजेडाकडे धरायची. मी माझ्याच नादात सांगत होते. तेवीस वर्षांत मला इतकं बारकाईनं कुणी विचारलं नव्हतं. पाचव्या की सहाव्या काडतुसाला माझ्या लक्षात आलं, की ती हूं म्हणत नाहीये.

तिची मान सोफ्याच्या पाठीवर कलली होती. ग्लास मांडीवर तिरका, त्यातलं पाणी काठापर्यंत आलेलं. मी तो हळूच काढून घेतला.

"अगं मुग्धा..." मी म्हणणार, तेवढ्यात आई आतून आली.

"उठवू नको गो तिला," ती कुजबुजली. "पोरीचा डोला लागलाय."

आईनं गॅस बंद केला, तव्यावर आवाज होईल म्हणून. खिडकीचा पडदा ओढला. शेजारच्या पोरांना जिन्यावरून हाकललं. आणि आम्ही दोघी मायलेकी तिच्यासमोर जमिनीवर भिंतीला टेकून बसलो, न बोलता. मुग्धाची छाती वर व्हायची, किंचित थांबायची, खाली जायची. तिचे पाय हळूहळू सोफ्यावर आले, तिनं कूस बदलली, गालाखाली हात घेतला. एक वाजला, दोन वाजले. आम्हाला भूक लागली होती, पण दोघींपैकी कुणी उठलं नाही.

चार वाजता तिनं डोळे उघडले. छताकडे बघितलं, माझ्याकडे, मग आईकडे. आपण कुठे आहोत ते आठवायला तिला वेळ लागला.

"किती वेळ झाला?"

"जास्त नाय," आई म्हणाली. "म्हावरा अजून तलायचाय."

मुग्धा उठून बसली. दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि काहीतरी हरवलंय का ते बघावं तसं क्षणभर डोळे मिटून बघितलं.

"आला नाही," ती म्हणाली.

आई गॅस पेटवायला गेली. मी तीन ताटं मांडली.